एकट्याची कंपनी

३ मार्च, मंगळवार

बर्फाच्या कारखान्याच्या साहेबाने आज बोलावलं होतं. हा माणूस बारा महिने सर्दीने बेजार असतो आणि बर्फाच्याच कारखान्यात नोकरी करतो. यावरून त्याच्या अकलेचा अंदाज यावा. नाक पुसत म्हणाला की तुमचं काम चांगलं आहे, कारखान्यातल्या सतराही विजेच्या मोटारींचं वर्षभराचं काम तुम्हालाच द्यायचं मनात आहे, पण आमच्याकडे आता नियम झाला. दुकानाला काम द्यायचं नाही, कंपनीला द्यायचं. एकतीस तारखेपर्यंत कंपनी झाल्याचा कागद आणा, नाहीतर दुसरा कोणी बघतो.

मी विचारलं, "मोटार कागद वाचून फिरते का?"

हसला नाही. पुन्हा नाक पुसलं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. जळालेल्या मोटारीतली तार उपटून नवी भरायची, हे आमचं काम. पाटी अजून बाबांच्याच नावाची आहे आणि कागदोपत्री दुकान कोणाचंच नाही. बर्फवाल्यांचं काम गेलं तर मागे उरतील घरगुती पंखे. पंख्यांवर दुकानाचं भाडंसुद्धा निघणार नाही, आणि मला दुसरं काही येत नाही. हे फक्त इथे लिहितो.

५ मार्च, गुरुवार

कंपन्या काढून देणाऱ्या सल्लागाराकडे गेलो. दोन जिने चढून एक खोली, खोलीत त्याच्याहून मोठं टेबल, भिंतीवर फ्रेम केलेली सात प्रमाणपत्रं. त्यातलं एक पोहण्याचं आहे. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'समजा'ने करतो, म्हणून मी त्याला समजासाहेब म्हणायचं ठरवलं आहे.

तरी जे सांगितलं ते नीट उतरवून आणलं. दुकान माझ्या एकट्याच्या नावावर केलं तर मी आणि दुकान एकच. समजा, आपण भरलेली मोटार जळाली, समजा, कारखान्याचा माल वितळला, समजा, त्यांनी दावा लावला. तर ते सरळ माझ्या घरात शिरणार. भागीदारी केली तर त्याहून वाईट. भागीदाराच्या चुकीपायी माझंही घर जाणार. मर्यादित कंपनी केली तर कंपनी हा वेगळा जीव धरतात. दावा तिच्यावर होतो, वसुली तिच्या दारात थांबते. त्यातही दोघांची काढता येते किंवा एकट्याची.

"तुम्ही दोघे भाऊ ना?" समजासाहेबाने विचारलं. "मग समजा, दोघांची करू."

मी म्हणालो, एकट्याची.

दादाच्या चुका निस्तरायला मी जन्मलो नाही. आणि दोघांच्या कंपनीत तो म्हणजे निम्मा मालक, प्रत्येक कागदावर त्याची सही. त्याला सहीसाठी शोधत फिरायचं म्हणजे वाऱ्याची मोट बांधायची.

समजासाहेबाच्या माहितीपत्रकात शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. मी पेन्सिलीने खुणा करून परत दिलं. त्याने आभार मानले नाहीत.

८ मार्च, रविवार

दादा रविवारी दुकानात येतो. बाकी सहा दिवस शाळेची बस चालवतो. बाबा गेल्यावर चार महिन्यांत त्याने दुकान सोडून ती नोकरी धरली. मोटारी भरायला बैठक लागते, चिकाटी लागते. बस चालवायला ढुंगण पुरतं.

आला की आधी चष्मेकाकांच्या शेजारी बसून तासभर गप्पा. चष्मेकाका बाबांच्या वेळचे कारागीर. एकावर एक दोन चष्मे लावतात आणि तरीही आकडे दिसत नाहीत, त्यामुळे मोजणी माझ्याकडे असते. मग दादा एखादी मोटार घेतो, गुणगुणत वेढे मोजतो आणि मध्येच मला विचारतो, "कितीवर होतो रे मी?" त्याच्या मोटारी चालतात हे खरं आहे. दैव आंधळं असतं म्हणतात ते यासाठीच. बाबा होते तेव्हा वही ठेवायचं माहीत नव्हतं त्याला. कुठेही खरडायचा, भिंतीवर, सिगारेटच्या पाकिटावर, खुद्द मोटारीवर. मी वही सुरू केली तेव्हा त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या रद्दीत दिल्या. उतरवून घेण्याच्या लायकीच्या नव्हत्या.

आज त्याला सांगितलं की कंपनी काढतो आहे आणि ती माझ्या एकट्याची. कारणंही सांगितली. हातातली तार त्याने गुंडाळून ठेवली.

"बरं झालं," म्हणाला. "मला नाहीतरी सह्यांचा कंटाळा."

मग उठून गेला. जेवायला घरी थांबला नाही, कोणाकडे तरी काम आहे म्हणाला. रविवारी कसलं काम? साधी चीडसुद्धा आली नाही या माणसाला. मी असतो तर टेबल उलटं केलं असतं. ज्याला स्वतःचा हक्क मागता येत नाही त्याची कीव तरी किती करायची?

आणि हेही लिहून ठेवतो. मी सतरा वर्षांचा असताना माझी पहिली मोटार भरली, मोठी, हिरव्या रंगाची. चालू केली तर उलटी फिरली. दादा चार गिऱ्हाइकांसमोर पोट धरून हसला होता. "धाकट्याची मोटार माघारी निघाली," म्हणाला होता. मग मला बाहेर जाऊन बसावं लागलं. ती मोटार पुढे बाबांनी सोडवून परत भरली असणार. मी विचारलं नाही.

११ मार्च, बुधवार

कंपनीला नाव लागतं. मी सहा पाठवली होती, सहाही परत आली. दोन आधीच कोणीतरी घेतलेली, तीन 'दिशाभूल करणारी', आणि एक 'अति सर्वसाधारण'. नावं नाकारायला पगार घेणारी माणसं असतात हे आज कळलं. काम बरं आहे, कधी चूक होत नसेल.

चष्मेकाका म्हणाले, पाटीवर आहे तेच नाव दे की. मी म्हणालो, तुम्ही तार बघा.

मग तेच दिलं.

१३ मार्च, शुक्रवार

दगदगीचा दिवस. सकाळीच बर्फवाल्यांची मोठी मोटार आली, जळून कोळसा झालेली. राखाडी रंग, कुठल्या बनावटीची ते सांगणारी पट्टी गायब, त्यांनीही कुठून तरी जुनीच विकत घेतलेली. साहेबाने निरोप दिला आहे की ही चोवीस तारखेला चालू हवी, जोडीची मोटार एकटी ओढते आहे. ही नीट झाली तर बाकीचं काम पक्कं. म्हणजे परीक्षा. परीक्षा घेणाऱ्याला मोटारीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे माहीत नाही.

बाबांचा एकच नियम होता, आधी मोज, मग उपट. एका कॉइलमध्ये किती वेढे, तार किती जाड, कॉइल कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत शिरते, हे जुनी तार असेपर्यंतच समजतं. उपटली की संपलं. दोन्ही बाजूंची झाकणं उघडून बाकाखाली टाकली, कॉइलची डोकी कापली, वहीत नवं पान काढून वर 'बर्फ कारखाना, मोठी मोटार, १३ मार्च' असं लिहिलं, खाली रेघ मारली, आणि समजासाहेबाचा फोन आला. ताबडतोब या, एक कागद राहिला आहे. वही काखेत मारूनच गेलो.

कागद काय, तर एकट्याच्या कंपनीत आणखी एका माणसाचं नाव द्यावं लागतं.

"समजा, उद्या तुम्ही नसलात," समजासाहेब म्हणाला.

"मी उद्या आहे."

"समजा म्हटलं हो. तुमच्या पश्चात कंपनी कोणाकडे जाणार? त्याचं नाव, आणि त्याची लेखी संमती. त्याशिवाय अर्जच पुढे सरकत नाही."

एकट्याची म्हणतात आणि दुसरा माणूस मागतात. कायदे करणाऱ्यांनी कधी दुकान चालवलेलं नसतं. तिथेच बाकड्यावर बसून, वही हाताशी होती तीत यादी केली.

दादा: नाही. कारणं वर आली आहेत.
वहिनी: तिला दिलं म्हणजे दादालाच दिलं.
चष्मेकाका: माझ्या आधी जाणार.
शेजारचा किल्लीवाला: अर्ध्या गावाच्या कुलुपांच्या किल्ल्या आधीच त्याच्याकडे आहेत, तेवढ्या पुरेत.
शाळेतला मित्र: तीन वर्षांत फोन नाही. मीही केला नाही, पण सुरुवात त्याची.
बर्फवाला साहेब: सर्दीने मरेल.

सहा झाले. सातवा माणूस मला आठवेना. समजासाहेब वाट बघत होता, म्हणून मी त्याला सांगितलं की निवड चालू आहे.

परत आलो तर चष्मेकाकांनी मोटार भट्टीत तापवून ठेवली होती, जुनं वार्निश मऊ झालं होतं. दोघांनी मिळून तासाभरात सगळी तार उपटली. भंगारवाला दारात आलाच होता, तांबं त्याला वजनावर देऊन टाकलं. निदान आजचं एक काम वेळेत आणि स्वच्छ झालं.

१६ मार्च, सोमवार

नवी तार काढली, साचा घेतला, वेढे बघायला वही उघडली.

पानावर 'बर्फ कारखाना, मोठी मोटार, १३ मार्च'. खाली रेघ. रेघेखाली दादा, वहिनी, चष्मेकाका, किल्लीवाला, मित्र, साहेब.

आकडा एकही नाही.

मागची पानं बघितली, पुढची बघितली. भंगारवाल्याकडे धावत गेलो. तो दात काढून म्हणाला, तुमचं तांबं शनिवारीच वितळलं असेल, भाऊ, आता त्याची भांडी होतील. या माणसाला मी कधीही पुन्हा एक तार देणार नाही.

चष्मेकाकांवर ओरडलो, की भट्टीत घालायच्या आधी विचारायला काय झालं होतं. त्यांनी वरचा चष्मा काढून पुसला. "तू मोजतो म्हणालास," एवढंच म्हणाले. "तू कधी विसरत नाहीस, म्हणून विचारलं नाही."

मी वही मिटली.

लोखंडाची मापं घेऊन हिशेबाने वेढे काढता येतात म्हणतात. ते शिकलेल्या लोकांना. मी नववीत शाळा सोडली. अंदाजाने भरली तर दोन दिवस चालेल आणि जळेल, बर्फासकट. आणि कंपनी अजून झालेली नाही. म्हणजे ते कोणाच्या दारात थांबणार नाहीत, घरात शिरतील. ते घर माझ्या एकट्याचं नाही.

१७ मार्च, मंगळवार

जेवलो नाही. दादाने विचारलं, काय झालं. पोट बिघडलं म्हणालो. तो 'बरं' म्हणाला आणि हात धुऊन झोपायला गेला. काळजी म्हणतात ती एवढीच.

वहिनी ताट उचलताना म्हणाली, "भाऊजी, पोट बिघडलेला माणूस आकडे पुटपुटत नाही. त्यांना सांगा ना काय आहे ते."

मी म्हणालो, बसवाल्याला मोटारीतलं काय विचारायचं?

ती म्हणाली, "दुकानात दोघांचं भागत नव्हतं. एकाला बाहेर जावं लागणार होतं. कोणी जायचं, हे तुम्हाला कोणी विचारलं का?" मग ताट घेऊन आत गेली.

नवऱ्याची बाजू घेणं हे बायकोचं कामच असतं. तिला दोष देत नाही.

१८ मार्च, बुधवार

घडलं तसं लिहितो.

करायला काही नव्हतं म्हणून चष्मेकाका बाकाखालची झाकणं रॉकेलने धूत बसले होते. मी समोर बसून साहेबाला काय सांगायचं ते कागदावर शुद्ध लिहीत होतो. तिसरा मसुदा. चष्मेकाकांचा हात थांबला. झाकण आतल्या बाजूने उजेडाकडे धरून म्हणाले, "मला वाचता येत नाही, पण खरडलंय कोणी ते कळतंय. इकडे ये."

बोटभर ग्रीस निघालं होतं. खाली लोखंडावर खिळ्याने कोरलं होतं. खाचा छत्तीस. वेढे चोवीस. तार एकोणीस नंबर, दोन पदरी. कॉइल पहिलीतून आठवीत.

त्याच्याखाली:

धाकट्याची पहिली. उलटी फिरली, दोन टोकं बदलली. भरणी पक्की. परत उघडू नये.

आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

मी पान्याच्या टोकाने बाहेरचा राखाडी रंग खरवडला. खाली हिरवा निघाला.

म्हणजे बाबांनी ती सोडवली नव्हती. उलट्या फिरणाऱ्या मोटारीत दोन टोकं बदलली की ती सुलटी फिरते, दोन मिनिटांचं काम. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी बाहेर जाऊन बसलो होतो. नऊ वर्षं ही मोटार चालली, बर्फवाल्यांच्या आधी कोणाकडे तरी, आणि ती मी भरलेली होती.

दादाचं अक्षर अत्यंत गचाळ आहे. 'पहिली'तली वेलांटी चुकली आहे. इतक्या जाड लोखंडावर ते कोरायला अर्धा तास लागला असेल, आणि त्या वेळात माणूस एखादं उपयोगी काम करू शकतो. याचीच चिठ्ठी मी रद्दीत दिलेल्या गठ्ठ्यात असणार.

चष्मेकाकांनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हणालो, आकडे. ते म्हणाले, मग रडतोस कशाला? मी म्हणालो, रॉकेल झोंबतं.

२० मार्च, शुक्रवार

मोटार भरून झाली. चोवीस वेढे, प्रत्येक कॉइल दोनदा मोजली. वार्निश, भट्टी, जोडणी. चालू केली, सुलटी फिरली. आवाज असा की कान लावून बसावं. दादाला कळवलं नाही, त्याचा काय संबंध?

२२ मार्च, रविवार

समजासाहेबाने काल तिसऱ्यांदा आठवण केली. सगळी नावं पुन्हा तपासली. व्यवहाराच्या दृष्टीने, दुसरा कोणी उपलब्ध नसल्यामुळे, दादाचं नाव घालायचं ठरवलं. यात कौतुकाचा भाग नाही.

दादा गेल्या रविवारी दुकानात आला नाही, आजही नाही. म्हणून घरीच संमतीचा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि फुलीच्या जागी सही कर म्हणालो. वाटलं होतं, न वाचता करील. विजेचं बिलसुद्धा तो वाचत नाही. पण आज ओठ हलवत, बोट ठेवत, दोन्ही बाजू वाचल्या. मग कागद वहिनीकडे दिला. तिनेही वाचला आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवला.

"हे तू मेल्यावरचं आहे," दादा म्हणाला.

"रीत आहे. कायदा आहे तो."

"असेल. माझा धाकटा मेल्यावर मला काय मिळणार, त्यावर मी सही करत नाही."

मी त्याला समजावलं की हे नुसतं समजा आहे, मी मरत नाही, कोणीही मरत नाही, एकतीस तारीख मात्र मरणार आहे. सतरा मोटारी जातील म्हणालो. त्याने मान हलवली. म्हशीपुढे वीणा वाजवली तर ती निदान कान हलवते.

"जिवंतपणी काही द्यायचं असेल तर बोल," म्हणाला. "नसेल तरी चालेल. मी बस चालवतो आहेच. पण हे नको."

आवाज चढवला नाही. मला तो चढवायला हवा होता.

मी विचारलं, "झाकणात ते कशाला कोरलं होतंस?"

त्याला आधी कळेना. मग आठवलं तसा हसायला लागला, अगदी तसाच, पोट धरून. "ती हिरवी? अजून चालते?" म्हणाला. "अरे, बाबा म्हणत होते पोराची आहे, उघडून परत भरू. मी म्हटलं हात लावायचा नाही, माझ्यापेक्षा बरी भरली आहे. ऐकेनात, म्हणून कोरून ठेवलं."

"मग लोकांसमोर हसलास कशाला?"

"उलटी फिरली म्हणून," दादा म्हणाला. "हसू येतं ना रे उलटी फिरल्यावर."

या कारणासाठी मी नऊ वर्षं खर्च केली.

२४ मार्च, मंगळवार

मोटार पोचवली. साहेबाने हात लावून बघितली, जणू घोडा विकत घेतो आहे. ठीक आहे म्हणाला, कागद आणा.

तिथून समजासाहेबाकडे. अर्ज बदला म्हणालो, दोघांची करा, निम्मं निम्मं. त्याने चष्म्यावरून बघितलं. "मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो."

"तेव्हा तुम्ही नुसतं समजा म्हणाला होता," मी म्हणालो.

बदलण्याची कारणं इथे नोंदवतो, नाहीतर पुढे कोणी वाटेल ते म्हणेल. दोघांच्या कंपनीत माझ्या मरणाचा कागद लागत नाही. वसुली याही कंपनीच्या दारात थांबते. आणि एका माणसाची चूक दुसऱ्याला दिसण्याची शक्यता वाढते. तिन्ही कारणं पूर्णपणे व्यावहारिक आहेत.

दादाने सह्या केल्या. अकरा सह्या, अकराही वेगळ्या. समजासाहेब म्हणाला, समजा, कोणी हरकत घेतली तर? मी म्हणालो, माझा भाऊ आहे, मी ओळखतो.

३१ मार्च, मंगळवार

कागद सकाळी आला. साध्याच कागदावर एक शिक्का, आणि त्यासाठी एवढा महिना. साहेबाने तो उलटा धरला, मग सुलटा, मग नाक पुसून फायलीत घातला. दुपारी दुसरी मोटार पाठवली.

शाळेची बस पोचवून दादा थेट दुकानात आला. संचालक झाल्यावर पहिला दिवस. काय केलं? चष्मेकाकांच्या शेजारी बसून तासभर बसमधल्या मुलांच्या नकला केल्या. चष्मेकाकांचा वरचा चष्मा हसून हसून खाली पडला. कंपनीचं निम्मं मनुष्यबळ असं वाया जातं.

मी मोटार उघडली. तार उपटण्याआधी मोजलं. वेढे, जाडी, खाचा, सगळं वहीत लिहिलं, दोनदा तपासलं. मग झाकण आतून पुसलं, खिळा घेतला आणि तेच आकडे तिथेही कोरले. वही हरवू शकते, जळू शकते. झाकण मोटारीबरोबर राहतं. ही पद्धत मी स्वतंत्रपणे विचार करून स्वीकारली आहे.

तारीख टाकून झाल्यावर खाली चार बोटं जागा उरली. नोंद पूर्ण असावी म्हणून तिथे कोरलं: दादा दुकानात होता. काम केलं नाही.

अर्धा तास लागला.